पातळ बर्फावरचं गणित

दारावर टकटक करायला उचललेला हात तोरुनने तसाच मागे घेतला. काचेपलीकडे हेगे दोन्ही हातांनी डोकं धरून संगणकाच्या पडद्याकडे बघत बसली होती. तोरुन खिडकीशी गेली, दाराशी आली, पुन्हा खिडकीशी गेली. चार वाजेपर्यंत नवा कोड पाठवला नाही, तर समुद्रावरच्या बर्फाचं गणित करणारा त्यांच्या संस्थेचा कोडसंग्रह पाच देशांच्या सामायिक संग्रहाबाहेर राहणार होता. आणि बाहेर राहिलेल्याला पुढे कोणी हात लावणार नव्हतं.

अडचण एकाच भागाची होती. तो आयलिफने निवृत्तीच्या कितीतरी आधी लिहिला होता, आणि त्याच्या परवान्यात अट घातली होती: हा कोड ज्यात मिसळाल, ते सगळंच याच अटीवर सर्वांसाठी खुलं ठेवा. सामायिक संग्रहाला कसलीच अट चालत नव्हती. दोघांचं एका घरात नांदणं शक्य नव्हतं. आयलिफ अट सोडेना, तेव्हा तो भाग नव्याने लिहायचं ठरलं, तेही ज्याने जुना कधी पाहिलाच नाही अशा कोणीतरी, म्हणजे नव्याला नक्कल म्हणता येणार नाही आणि अटही लागणार नाही. म्हणून हेगेला आणलं. तेव्हापासून ती जणू सोवळ्यात होती. आयलिफचा कोड वाचलेल्यांनी त्या कामाबद्दल तिच्याशी बोलायचं नाही. उत्तर कुठे बरोबर, कुठे चूक, एवढंच कळवायचं. का चूक, ते नाही.

तोरुनला तर तो कोड पाठ होता. त्यावरच ती शिकली होती.

दार उघडून हेगे बाहेर आली.

"पुन्हा पातळ बर्फावर उत्तराचा आकडा भलताच उसळला ना?"

"उसळला."

"अगं, काहीतरी बोल की! निदान खोक तरी."

"खोकले तरी नियम मोडेल."

"धन्य आहे तुझी. चल, वॉफल खाऊ. चुकायचंच असेल तर भरल्या पोटी चुकू."

शुक्रवारी खालच्या कॅन्टीनमध्ये वॉफल असत, आणि निवृत्त झालेलेही त्या वासावर येत. हेगे आपलं वॉफल घेऊन टेबलाशी जाऊन बसली; रांगेत तोरुनच्या पुढेच आयलिफ होता.

"तोंड का असं उतरलंय, पोरी?"

"आयलिफ, शेवटचं विचारते. अट सोडायला सही कराल?"

"नाही." त्याने वॉफलवर तपकिरी चीजचा काप नीट बसवला. "त्या अटीच्या भरवशावर किती जणांनी त्यात आपली भर घातली. आता त्यांना काय तोंड दाखवू?"

"मग संग्रह मरेल."

त्याचा हात थांबला. "अडलंय कुठे?"

"पातळ बर्फावर."

"ती लाल स्वेटरवाली लिहितेय का?"

"हो, पण तुम्ही तिच्याशी..."

तो ताटली घेऊन निघालाही होता. तोरुन मागोमाग गेली. ती लगतच्या टेबलाशी उभीच राहिली.

"मी आयलिफ. बसू?"

"ज्यांच्या पायी मी त्या खोलीत कोंडून पडलेय, तेच ना?" हेगे हसली.

"तोच. कामाचं नाही बोलणार. लहानपणी आमच्या घरामागे तळं होतं, शाळा पलीकडच्या काठाला. हिवाळा लागला की कागदासारखा बर्फ. बाबा त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. भोक पाडून कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचे. मी म्हणायचो, बाबा, बर्फ मोजा की! तर म्हणायचे, जो असून नसल्यासारखा, त्याला काय विचारायचं? आधी पाण्याला विचार."

हेगेचा घास तोंडातच राहिला. मग ती उठली आणि जवळजवळ पळतच जिन्याकडे गेली.

"अहो, जॅम तरी संपवा," आयलिफ तिच्या पाठीकडे बघत म्हणाला.

तीनच्या सुमारास हेगेचा नवा कोड आला. त्यात हिशेब बर्फाआधी पाण्यापासून सुरू होत होता, आणि पातळ बर्फावर आकडा उसळला नाही. तोरुनने खुर्ची ओढली. आता फक्त एक निवेदन जोडायचं होतं: हा भाग लिहिणारीला मूळ कोड जाणणाऱ्या कोणाचीही मदत झालेली नाही. खाली तोरुनचं नाव. बोटं कळफलकावर टेकली आणि उचलली गेली. ती खिडकीशी जाऊन आली. पुन्हा बसली, पुन्हा उठली.

शेवटी तिने ते वाक्य पुसलं आणि घडलं तसं लिहिलं. वॉफल खाताना आयलिफने हेगेला आपल्या बाबांची तळ्याची गोष्ट सांगितली. कोडचा शब्दही काढला नाही. मी ऐकत होते, थांबवलं नाही.

कागद छापून ती खाली धावली. आयलिफ कोट चढवत होता.

"हे वाचा."

त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं.

"हे पाहून सामायिक संग्रहवाले नाही म्हणतील, कदाचित."

"म्हणतील."

"आणि तरी पाठवणार?"

तोरुनने कागदासाठी हात पुढे केला. हात आता स्वस्थ होता.

आयलिफने आधी कोटाचे, मग आतल्या जाकिटाचे खिसे चाचपले.

"पेन आहे का गं? अट सोडत नाही, पण गोष्ट सांगितली ती मी."

कागद भिंतीला टेकवून, तिच्या नावाखाली जिथे त्याच्यासाठी जागाच नव्हती तिथे, त्याने पूर्ण नाव घालून सही केली.

"जा आता. चार वाजतील."

जिना चढताना तोरुनने घड्याळाकडे पाहिलं नाही.