टकलं रोप

"मामा, अहो मामा, इकडे या! टक्कल बघा!"

संशोधन करणाऱ्या मुलीने काचघराची देखभाल करणाऱ्या मामांच्या हातात भिंग कोंबलं. ते वाकले. कोपऱ्यातल्या कुंडीतली पानं गुळगुळीत होती. शेजारच्या कुंडीतल्या पानांवर मात्र बारीक पांढरे केस होते, प्रत्येकाला वर तीन फाटे, एकमेकांपासून अंतर राखून उभे.

"जी पेशी आधी केस व्हायला निघते ना, ती शेजारणींना दटावते, तुम्ही नाही व्हायचं. म्हणून दाटी होत नाही."

"आमची थोरली वहिनी," मामा सवयीने बोलून गेले.

ती खळखळून हसली. "आणि या रोपात केस यायची सुरुवातच होत नाहीये! हेच तर शोधत होते मी. सर दुपारी येतायत बघायला."

मामांनी भिंग खाली ठेवलं. गेल्या आठवड्यात ते काचघराचं दार उघडं टाकून चहाला गेले होते. दोन दिवसांनी पाहिलं तर त्या कुंडीवर माव्याची कीड चढलेली. कुणाला कळायच्या आत त्यांनी ओल्या कापसाने एकेक पान पुसून काढलं होतं, नातीचं तोंड पुसावं तसं. बोटांना काहीतरी खरखरीत लागलं होतं. धूळ असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

गप्प राहिलं तर? ते झाडू घेऊन दाराकडे वळले. मागे ती फोनवर बोलत होती, "आई, जमलं गं! खरंच जमलं!"

मामांनी झाडू भिंतीला टेकवला. तिचा फोन होईपर्यंत थांबले.

"ताई, ते टक्कल नाही. मी पुसलंय. मावा होता. दार माझ्याकडूनच उघडं राहिलं होतं."

तिने पान तोडलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. कडेपासून कडेपर्यंत सरकवत पाहिलं.

"तुटलेल्या केसांचे खुंट आहेत," ती म्हणाली. "सगळे जागच्या जागी."

"रागवा की, ताई."

"थांबा, मामा. आधी सरांना येऊ नका म्हणून कळवते." तिने फोन उचलला, पण नंबर लावला नाही. "मग आईला."

"केस परत येतील का हो?"

"या पानांना नाही. नव्या पानांना येतील."

संध्याकाळी मामांनी त्या कुंडीखालच्या ताटलीत पाणी ओतलं, दुसरा हात पाठीमागे घट्ट धरून. रोपाच्या मधोमध नवं पान डोकावत होतं, पांढऱ्या लवीने भरलेलं. ते बघायला वाकले, आणि आपला श्वासही त्याला लागू नये म्हणून तोंड बाजूला वळवलं.