पूर्णेचं पाणी

गोदूबाई गेली आणि तिच्या नातवाचं, भाविकचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं असं ठरलं, ते साल २००६. घरात मयत झालं की एकतर वर्ष सरायच्या आधी मांडव घालायचा, नाहीतर तीन वर्षं गप्प बसायचं, ही खाडीकाठच्या गावांची रीत. पौषात बाई गेली, वैशाखातला मुहूर्त धरला.

मधल्या दिवसांत गोदूबाईच्या अस्थी घेऊन तिचा नवरा केसरीनाथ आणि मुलगा मनोज नाशिकला गेले. रामकुंडावर विधी झाला. मग भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या लोकांचे जे उपाध्ये, त्यांच्या ओटीवर दोघं जाऊन बसले. घरातलं माणूस गेलं की त्याचं नाव उपाध्यांच्या वहीत चढवायचं असतं. पूर्णेतल्या प्रत्येक घराच्या पिढ्या त्या लांबोळक्या वहीत लिहिलेल्या आहेत.

उपाध्यांनी चष्मा पुसला, पानं उलटली आणि वाचायला लागले. "धोंडू पाटील, मुक्काम पूर्णा. त्यांचे मुलगे दोन. अनंता आणि विठू. अनंताचा मुलगा केसरीनाथ. विठूचा मुलगा रामू." इथं ते थांबले. त्यांनी पान उजेडाकडे धरलं. "हे काय? केसरीनाथ तर मयत आहेत."

"कोण मयत?" मनोज म्हणाला.

"केसरीनाथ अनंता पाटील. मागच्या श्रावणात इथंच त्यांचं पिंडदान झालंय. माझ्याच हातचं लिहिणं आहे. मग तुम्ही कोण?"

"मीच तो," केसरीनाथ म्हणाला.

उपाध्ये त्याच्याकडे बघतच राहिले. मनोजला हसू आवरेना. बाप मात्र हसला नाही. त्याने हळूच विचारलं, "पिंड कोणी पाडला, ते लिवलंय का?"

"लिहिलंय की. चुलत भाऊ, रामू विठू. हल्ली मुक्काम गणेशपुरी."

केसरीनाथने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. गोदूबाईसाठी नऊ दिवस ज्याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, तो माणूस त्या ओटीवर ओक्साबोक्शी रडला.

रामू आणि केसरीनाथ एकाच महिन्यात जन्मलेले. एका अंगणात रांगले, एका ताटात जेवले. ओहोटी लागली की दोघं खाडीच्या चिखलात निवट्या, चिखलातले ते उड्या मारणारे मासे, धरायला जायचे, आणि कोणाच्या घरी किती न्यायच्या यावरून कधी भांडण झालं नाही, कारण घर एकच होतं. मग अनंता आणि विठू, हे दोघांचे बाप, वेगळे निघाले. वाटणीत अंगणातली विहीर अनंताकडे आली. विहीर खणली दोघा भावांनी, पण रागाच्या भरात अनंता बोलून गेला, "आजपासून तुझी कळशी या विहिरीत बुडाली तर बघ." विठूने भरलेली कळशी तिथंच उपडी केली. म्हणाला, "तुझीच विहीर काय, माझ्या वंशातला कोणी या पूर्णेचं पाणी पिणार नाही." दुसऱ्या दिवशी बैलगाडी भरून तो गेला. आठ वर्षांचा रामू गाडीच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसला होता. केसरीनाथ गाडीमागून धावला, ते पाय दिसेनासे होईपर्यंत.

कुठं गेले ते कोणी सांगितलं नाही. कोणी म्हणालं वाडा तालुक्याकडे, कोणी म्हणालं पटकीत सगळं घर गेलं. बाप जिवंत होता तोवर नाव काढायची सोय नव्हती. बाप गेल्यावर विचारावं असं कोणी उरलं नव्हतं. आणि होता कुठं, तर गणेशपुरीला. भिवंडीहून एसटीत बसलं तर दीड तासाची वाट. चौसष्ट वर्षं.

परतीच्या वाटेवर, कसारा घाटात, मनोज गाडी चालवता चालवता म्हणाला, "बाबा, एक सांगू? मेलेले भाऊबंद शोधा, हवे तेवढे शोधा. जिवंत नका शोधू. जिवंतांना हिस्सा लागतो."

मनोजची भीती खोटी नव्हती. पूर्णेतल्या शेतांवर आता गोडाऊनं उभी होती, पाटलांच्या शेतावरही. सात-बाऱ्यावर धोंडू पाटलाचा दुसरा मुलगा कुठं गेला, हे इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं.

"मला काय मागायचं न्हाय त्याच्याकडून," केसरीनाथ म्हणाला.

"तुम्हाला नाय. पण त्याला मागायचं असेल तर?"

"मग देऊ."



तेरावा होईपर्यंत सुतकातल्या माणसाला कोणाच्या दारात जाता येत नाही. केसरीनाथने ते दिवस कसे काढले त्यालाच ठाऊक. चौदाव्या दिवशी सकाळी त्याने धुतलेला सदरा घातला. मनोज कुरकुरत का होईना, गाडी घेऊन निघाला.

गणेशपुरीच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, भाताच्या खाचरांपलीकडे रामूचं कौलारू घर होतं. अंगणात एक म्हातारा सुंभ वळत बसला होता. अंगाने वाळलेला, ओठावर मिशी नाही. केसरीनाथ बांधावर थांबला. त्याने तोंड पाहिलंच नाही. त्याने पाय पाहिले.

"रामू," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने मान वर केली. बराच वेळ बघितलं. मग सुंभ खाली ठेवून ओरडला, "बायजे, भाईर ये! केशा आलाय, मेलेला!"

बायजाबाई, रामूची बायको, पदराला हात पुसत आली आणि दारातच आडवी उभी राहिली. "थांबा तिथंच. ज्याचा पिंड पडलाय त्याला असा सरळ आत घेत न्हाईत."

"मग कसा घेतात?" मनोजने विचारलं.

"नवीन जन्मला म्हणून घेतात." तिने तांब्याभर पाणी केसरीनाथच्या पायांवर ओतलं, भाकरीचा तुकडा ओवाळून लांब फेकला. मग त्याच्या कानाशी तोंड नेलं. "हे आत्याचं काम. पण आत्या आता कुठनं आणू? भावजय चालंल." आणि बारशाला करतात तसं तिने मोठ्याने केलं, "कुर्रर्र! केसरीनाथ!"

बहात्तर वर्षांचं बाळ हसत हसत उंबरा ओलांडून आत गेलं.

"आधी माझी मिशी परत दे," रामू म्हणाला. "तुझ्यापायी उतरवली, ती अजून ठेवली न्हाय. कशी होती, विचार हिला."

"झाडूवानी होती," बायजाबाई म्हणाली.

झालं होतं असं. आदल्या जुलैच्या पुरानंतर गणेशपुरीच्या एसटी स्टँडवर कोणीतरी बोललं की पूर्णेकडचा केसरीनाथ पाटील पुरात गेला. गेला होता तो वळ गावचा, दुसराच केसरीनाथ. त्या पट्ट्यात केसरीनाथ पाटील गावागणिक सापडतील. पण रामूने शहानिशा केली नाही. घरी आला, डोकं आणि मिशी उतरवली, दहा दिवस सुतक धरलं आणि नाशिकला जाऊन पिंडही पाडून आला.

"पूर्णेला का न्हाय आलास? चौकशी तरी करायची," केसरीनाथ म्हणाला.

"बापाला शब्द दिलाय. मयताच्या घरी गेलो आणि कोणी तांब्या पुढं केला तर? म्हणून नाशिकला गेलो. बाप म्हणाला होता पाणी प्यायचं न्हाय. पिंड पाडायचा न्हाय असं काय बोलला नव्हता."

मनोज इतका वेळ खाटेच्या कडेला अवघडून बसला होता. रामूने त्याच्याकडे पाहिलं. "हा तुझा मुलगा ना? तोंड असं का? जमिनीचं बोलायला आलाय वाटतं."

"नाय नाय, काका—"

"घाबरू नको रं. आमच्यात पूर्णेचं पाणी घेत न्हाईत, जमीन काय घेणार!"

मनोजचे कान लाल झाले.

मग केसरीनाथने गोदूबाईचं सांगितलं. सांगून व्हायच्या आत रामू उठला. मागच्या विहिरीवर गेला आणि अंगावरच्या कपड्यांसकट त्याने डोक्यावरून बादली ओतून घेतली. भाऊबंदातलं कोणी गेल्याची बातमी उशिरा कळली की असंच करतात. गोदूबाईला त्याने कधी पाहिलंही नव्हतं. थंडीने कुडकुडत, पाणी निथळत तो परत येऊन बसला आणि म्हणाला, "हां. आता पुढचं सांग."

निघताना केसरीनाथने लग्नाचं आवतण दिलं. "मला दुसरं काय नको. तू एकदा पूर्णेला ये. अंगणात बस. खाडीवर जाऊ."

 रामू विहिरीकडे बघत राहिला.

वैशाखात भाविकचं लग्न लागलं, त्या दिवशी मांडवात हजार माणूस. केसरीनाथचं लक्ष मात्र रस्त्याकडे. दहाच्या सुमाराला एसटीतून रामू उतरला. नवं धोतर, ओठावर पांढरी मिशी, आणि खांद्यावर तांब्याची कळशी, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. आपलं पाणी तो आपल्याबरोबर घेऊन आला होता.

केसरीनाथने त्याला हाताला धरून सगळं दाखवलं. अंगण होतं तिथं आता दोन मजल्यांचं घर. विहीर?

"ती बुजवली. त्या गोडाऊनच्या पोटात गेली."

"आणि निवट्या?"

"चिखल हाय. निवट्या कमी झाल्या."

दोघं खाडीच्या बांधावर जाऊन बसले. मागे गोडाऊनचे पत्रे चमकत होते, पुढं ओहोटी लागली होती. रामूने कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं, अर्धं स्वतः प्यायला, अर्धं केसरीनाथच्या ओंजळीत ओतलं. गाडीच्या फळीवर सोडले होते तसेच त्याने बांधावरून पाय खाली सोडले.  एकदा रामू म्हणाला, "त्या दिवशी तू धावत होतास, तेव्हा मी हात केला होता. दिसला का तुला?"

"न्हाय," केसरीनाथ म्हणाला. "मी पायच बघत होतो."

वैशाखाचं ऊन. दुपार कलायच्या आधीच कळशी आटली. रामूने ती उलटी करून दाखवली आणि धोतर झटकून उठला. "पाणी संपलं. निघतो आता."

"अजून पंगती उठायच्यात! रात्री वरात हाय. आठ दिवस ऱ्हाशील असं मला वाटलं होतं."

"तहान लागंल की रं."

मनोज धावत आला. "काका, आता विहीर कुठाय? नळाचं पाणी हाय, धरणाचं. पूर्णेचं नाय."

"बापाने विहिरीचं नाव न्हाय घेतलं. गावाचं घेतलं. पूर्णेच्या नळाला आलं की पूर्णेचंच."

मनोजने मांडवातून बाटलीबंद पाणी आणलं. "हे तरी घ्या. हे तर बाहेरचं."

रामूने बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली आणि मुंडावळ्या बांधलेल्या भाविकपुढे धरली. "वाच रं नवरदेवा, कुठं भरलंय?"

भाविकने बारीक अक्षरं वाचली आणि आजोबांकडे चोरट्यासारखं पाहिलं. "पूर्णा," तो म्हणाला. गावातल्याच एका गोडाऊनमध्ये ते पाणी भरलं जात होतं.

मांडवातली माणसं हसली, रामूही हसला. केसरीनाथ हसला नाही. भाऊ चारच्या एसटीत बसला, रिकामी कळशी मांडीवर घेऊन. या खेपेला त्याने खिडकीतून हात केला तो केसरीनाथला दिसला.

त्यानंतर केसरीनाथने एक मोठा माठ आणला आणि ओटीवर तिवईवर मांडला. मनोजचा टेम्पो वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला जायचा. त्याला सांगणं झालं: येताना रामूच्या विहिरीचं पाणी कॅनमधून आणायचं.

"घरात चोवीस तास नळ असताना तीस किलोमीटरवरनं पाणी आणतोय. लोक हसतात मला," मनोज म्हणायचा. पण आणायचा. माठ भरायचा, वर ताट झाकायचं. दर आठवड्याला शिळं पाणी तुळशीला जायचं आणि ताजं माठात पडायचं. त्यातला थेंब कोणी प्यायचं नाही. नातसून नवीन होती, तिने एकदा चुकून पेला बुडवला तर म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ दे पोरी. ते पावण्याचं हाय."

पाहुणा येत नव्हता. त्या पावसाळ्यात रामू खाचरात घसरला आणि गुडघ्याने धरलं. येईन येईन असा निरोप टेम्पोबरोबर यायचा. केसरीनाथ दोनदा जाऊन भेटून आला. पण भेट वेगळी आणि येणं वेगळं. संध्याकाळी तो माठाशेजारी रस्त्याकडे तोंड करून बसायचा. एसटी थांबली की उठायचा, पुढं गेली की बसायचा.

पुढल्या वर्षी पाऊस सरल्यावर त्याला ताप धरला. शेवटच्या दिवशी मनोजने तोंडात पाणी घालायला माठात पेला बुडवला, तेवढ्या ग्लानीतही त्याने मान फिरवली. "त्यातलं नको. कमी पडंल त्याला."

मनोजने नळाचं पाणी घातलं.

निरोप गेला त्याच दिवशी रामू आला, काठी टेकत. मिशी पुन्हा उतरवलेली. बरोबर कळशी नव्हती. घाईत ती राहून गेली होती. ओटीवर आला, भावाला डोळे भरून पाहिलं, आणि मसणातून परतल्यावर भिंतीला टेकून बसला. घसा कोरडा पडला होता, पण बोलला नाही. मनोजने माठावरचं ताट उचललं. माठ काठोकाठ भरलेला होता.

"तुमच्याच विहिरीचं हाय, काका. बाबांनी ठेवलंय."

रामू पेला हातात धरून कितीतरी वेळ बसला, मग प्यायला. सुतकाचे दहा दिवस आणि पुढचे तीन, तो पूर्णेतच राहिला. रोज ओहोटीला बांधावर जाऊन बसायचा. माठ अर्ध्यावर आला की मनोज न सांगता टेम्पो काढायचा.

केसरीनाथ अनंता पाटील, मुक्काम पूर्णा, २००७ सालच्या कार्तिकात, त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वारला. रामू विठू पाटील २००९ सालच्या माघात गणेशपुरीला वारला. त्याचं सुतक मनोजने पूर्णेत धरलं.