आर्लीनची मतं

पोर्ट सेरेनोत बेसबॉलचा एक संघ आहे, पेलिकन्स, आणि त्याच्यावर दिवसभर तोंड वाजवायला तीन रेडिओ स्टेशनं आहेत. तीन तिघाडा, काम बिघाडा. स्टेडियम चाळीस हजारांचं, येणारे नऊ हजार, त्यातले निम्मे पाहुण्या संघासाठी ओरडणारे. कारण या गावात जन्मलेला माणूस दिवा घेऊन शोधावा लागतो. सगळे उत्तरेकडून ऊन शेकायला आलेले. त्यांचा जीव अडकलेला बॉस्टनमध्ये नाहीतर डेट्रॉइटमध्ये, आणि सुट्टीच्या दिवशी समुद्र असतोच. पेलिकन्स जिंकले काय, हरले काय, कुणाच्या घशात घास अडत नाही. अशा गावाला खेळावरचं भांडण विकायला बसलेली माणसं किती शहाणी असतील, ते वेगळं सांगायला नको.

त्यातला एक वेंडल हृस्का. वय छप्पन्न. ‘बुलहॉर्न’ स्टेशनवर सकाळी सहा ते दहा. आवाज असा की वाटावं, या बाबाने आयुष्यभर मैदानातच घाम गाळला. प्रत्यक्षात शाळेच्या संघातूनही त्याला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार. त्याच्यासमोर फोनची पाच बटणं होती, फोन आला की त्यात लाल दिवा लागे. बहुतेक सकाळी एकच लागे, तो मर्विनचा. मर्विन हा निवृत्त प्लंबर. तो सव्वासहाला बुलहॉर्नवर, साडेसातला ‘ग्रँडस्टँड’वर आणि नवाच्या सुमाराला ‘पिट’वर पेलिकन्सच्या मालकाला तीच शिवी देई. तिन्ही स्टेशनं त्याला ‘आपला मर्विन’ म्हणत आणि एकमेकांपासून त्याला पळवायला टोप्या नि कॉफीचे मग पाठवत. मर्विनकडे मगांचं एक कपाट भरलं होतं.

तरीही वेंडल अठरा वर्षं टिकला, कारण अधूनमधून तो खरंच शहाण्यासारखं काही बोलून जाई. हे शहाणपण त्याचं नव्हतं. ते त्याच्या थोरल्या बहिणीचं होतं.

आर्लीनने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. नवरा गेल्यावर तिने वेंडलला घराची मागची खोली दिली, कारण घटस्फोटानंतर त्याच्याकडे दोन सूटकेस आणि एक मायक्रोफोनच्या आकाराचा चषक एवढंच उरलं होतं. ती रोज टीव्हीचा आवाज बंद करून सामना बघे. रेडिओचं म्हणाल, तर घरात स्वयंपाकघरातल्या घड्याळात होता तेवढाच, आणि तोही कधी लागत नसे. रात्रीच्या जेवणाला खिम्याचा मीटलोफ कापता कापता ती एखादं वाक्य टाकी. “तो तिसरा गडी चेंडूकडे नाही, मालकाच्या खिडकीकडे बघून खेळतो.” सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तेच वाक्य वेंडलच्या तोंडून गावभर जाई. आयत्या बिळावर नागोबा. ‘माझी बहीण म्हणते’ असं अठरा वर्षांत एकदाही त्याच्या जिभेवर आलं नाही.

जूनच्या शेवटी स्टेशनची मॅनेजर ट्रिश डेलव्हेकियो हिने त्याला आत बोलावलं.

“जुलैअखेर आकडे हलले नाहीत, तर ऑगस्टपासून तुझ्या जागी न्यूयॉर्कचा कार्यक्रम. उपग्रहावरून. तिथला माणूस आजारी पडत नाही आणि पार्किंगही मागत नाही.”

“ट्रिश, या गावाला खेळ कळत नाही, त्याला मी काय करू?”

“शिकवायला तुला कोण सांगतंय? पेटव! कुणाचं तरी डोकं माग. टियाडोचं माग. समोरचे संघ महिनाभर धोपटतायत त्याला.”

टियाडो हा पेलिकन्सचा वयस्क पिचर, चेंडू टाकणारा गडी. दुसऱ्याच दिवशी वेंडलने त्याच्या नावाने शिमगा सुरू केला: म्हातारा झाला, खांदा गेला, हाकला त्याला. पाचही दिवे विझलेले राहिले. मर्विनसुद्धा त्या दिवशी मासे पकडायला गेला होता.

तेव्हा वेंडलने या धंद्यातलं सगळ्यात केविलवाणं काम केलं. घरच्या माणसाला फोन करायला लावायचं ठरवलं.

“तू नॉर्मा,” तो आर्लीनला म्हणाला. “पेलिकन बीचला राहतेस. एवढंच वाचायचं. ‘वेंडल, तू शंभर टक्के बरोबर आहेस. टियाडो संपला.’ तुझं ऐकून लोक चिडतील, फोन करतील.”

“पण तो संपलेला नाहीये.”

“अगं, वाच ना! माझी नोकरी जायची वेळ आलीये.”

आर्लीनने क्षणभर विचार केला. “नोकरी गेली तर तू दिवसभर घरात असशील,” ती म्हणाली. “दे ती चिठ्ठी.”

सकाळी सात वाजता लाल दिवा लागला. “पेलिकन बीचहून नॉर्मा!” वेंडल गरजला. “बोला बाई!”

“वेंडल, तू शंभर टक्के...” आर्लीन थांबली. कागद चुरगळल्याचा आवाज सगळ्या गावाने ऐकला. “शंभर टक्के गाढव आहेस तू. त्याचे हात बघितलेस कधी? पाच डाव तो झकास टाकतो. सहाव्या डावात उकाड्याने तळवा भिजतो, की पठ्ठ्या तो विजारीला पुसतो. हात कोरडा करायला राळेची पिशवी पायाशी पडलेली असते, तिला हात लावत नाही. अशा हाताने चेंडू वर जाणार नाही तर काय? त्याला पिशवी दाखवायची सोडून तू त्याला हाकलायला निघालास!”

“मॅडम, माझा या खेळाचा अभ्यास...”

“मॅडम नको म्हणूस मला. तुला गॅरेजच्या भिंतीवर चेंडू टाकायला मी शिकवलंय. तेव्हाही तू भिंतीला दोष द्यायचास.”

पाचही दिवे लागले. फोन सांभाळणारा गस तिथे अकरा वर्षं होता, पण हे त्याने कधी बघितलं नव्हतं. तो खुर्चीतून उठून उभा राहिला. फोन करणाऱ्यांपैकी एकाला टियाडोबद्दल काही देणंघेणं नव्हतं, पण त्याची बहीणही अशीच होती. दुसऱ्याला विचारायचं होतं की बाई विवाहित आहेत का. आणि त्याच संध्याकाळी सहाव्या डावात कुणीतरी टियाडोला पिशवी दाखवली. पेलिकन्स जिंकले.

ट्रिशला आकाश ठेंगणं झालं. “तिला तुझ्या शेजारी बसव. रोज.”

इथे वेंडलला गप्प राहता आलं असतं. शेजारी खुर्ची टाकली असती, तर पुढची दहा वर्षं त्याला मरण नव्हतं. पण ज्याचं सगळं उसनं असतं, त्याचा तोरा पहिला. दुसऱ्या सकाळी तो माइकवर खो खो हसत म्हणाला, “कालच्या आजीबाईंना फार मनावर घेऊ नका लोकहो. बिचारी शाळेची बस चालवायची. उन्हाने डोकं तापलं असेल.”

आर्लीनच्या स्वयंपाकघरातला रेडिओ त्या दिवशी, कधी नव्हे तो, चालू होता. दुपारी ग्रँडस्टँडवाल्यांचा फोन आला. तिने दोनच प्रश्न विचारले: कार्यक्रम किती वाजता, आणि त्या वेळी बुलहॉर्नवर कोण असतं. सोमवारपासून ती ग्रँडस्टँडवर बसली, सकाळी सहा ते दहा.

सोमवारी रात्री जेवताना वेंडलने वाट पाहिली. तिने त्याला बटाटे वाढले, वाटाणे वाढले. टीव्हीवर पेलिकन्स हरत होते. ती बघत होती आणि मान हलवत होती.

“काय गं, काय चुकतंय त्यांचं?” त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

“सकाळी सांगेन,” आर्लीन म्हणाली. “सगळ्यांना.”

त्या रात्री वेंडलला पहिल्यांदा कळलं की पेलिकन्सबद्दल आपलं स्वतःचं असं एकही मत नाही. त्याने छताकडे बघत एक शोधायचा प्रयत्न केला. आठवलं तेही तिचंच निघालं. त्याला भीती वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

मंगळवारी त्याने गसला सांगितलं, “माझ्या डाव्या कानात ग्रँडस्टँड सोड.”

“दिवसभर?”

“सहा ते दहा.”

गसने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या हेडफोनला वायर जोडली. आर्लीन तिकडे वाक्य बोले, दोन श्वासांनंतर वेंडल इकडे तेच बोले, फक्त मोठ्याने. तीन दिवस झकास गेले. ट्रिश म्हणाली, “आता कसा बोलतोयस! असाच महिना काढ, मी न्यूयॉर्कवाल्यांना नाही म्हणते.” वेंडल छाती काढून चालू लागला. आपल्यालाही हे सुचलंच असतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

शुक्रवारी जाहिराती संपल्या आणि त्याच्या डाव्या कानात मर्विनचा आवाज आला. मर्विन ग्रँडस्टँडवर होता.

“आर्लीन, एक विचारू? मी ट्रकमध्ये दोन्ही स्टेशनं फिरवत असतो. तुझा भाऊ तू बोललीस की लगेच तेच बोलतो. हे काय गौडबंगाल आहे?”

 इकडे वेंडलने मर्विनचं बोलणं नेहमीसारखं कानाआड केलं होतं. तो डोळे मिटून, माइकवर वाकून, आर्लीनच्या पुढच्या मताची वाट बघत होता. मत आलं, तसं त्याने उचललं.

“दुसऱ्या फळीत दम नाही!” तो गरजला. “मालकाने बाहेरच्या संघांचे जुने गडी आणायचं थांबवावं! आपल्या गावच्या पोरांना मैदानात उतरवावं!” आवाज चढत गेला. “आणि वेंडल, ते कानातलं काढ!”

गसच्या हातातून कॉफी सांडली. काचेपलीकडे ट्रिश येऊन उभी राहिली. पाचही दिवे एकदम लागले आणि लुकलुकत राहिले. वेंडलचं तोंड अजून उघडंच होतं, पण त्यातून काही येत नव्हतं, कारण डाव्या कानातही आता कुणी बोलत नव्हतं. आर्लीन थांबली होती.

त्याने ते कानातलं काढलं.