नको इतका गोड आवाज

सोलापूरच्या भवानी पेठेत मागांचा खडखडाट दिवसभर चालू असे आणि त्या खडखडाटाच्या आडोशाला संगप्पाचे दुकान होते. आडोसा हाच शब्द खरा. कारण जिथे शेजाऱ्याचे बोलणेच धड ऐकू येत नाही, तिथे न बोलणाऱ्याला कोणी घुम्या म्हणत नाही. गाड्यांचे फाटलेले सायलेन्सर सांधणे आणि कुजलेले नव्याने घडवणे, एवढेच काम तो करी. वय सव्वीस. गिऱ्हाईक आले की तो माणसाकडे न पाहता गाडीकडे पाही, लाकडी दांडक्याचे एक टोक नळीला आणि दुसरे कानाला लावून डोळे मिटी आणि मग जमिनीला सांगावे तसे म्हणे, "आतली पत्री सुटलीय." ती सुटलेलीच असे.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या माघात दुधनीचे सिद्धलिंगप्पा आपली पिकअप घेऊन त्याच्याकडे आले. दुधनीत त्यांचे गाद्या-रजयांचे दुकान होते आणि ही गाडी त्यांनी कुठल्याशा सरकारी लिलावात घेतलेली होती. तोंड जीपसारखे, मागे उघडा हौदा, आणि आवाज असा की कुत्री रस्ता सोडून पळत.

"संगप्पा, चढ आला की धापा टाकती रं ही," सिद्धलिंगप्पा उतरता उतरताच बोलू लागले. "वढच न्हाय. आन् आवाज ऐक, फुटक्या डब्यात खडं हालवल्यावानी! दुधनीत शिरलो की लोकं गाडीकडं न्हाय, माज्याकडं बगत्यात. कीव करत्यात!"

"ओढ येईल, अण्णा," संगप्पा म्हणाला. गाडीखाली डोके घालून त्याने विचारले, "आवाज कसा पाहिजे?"

"बोंब नको. पण कळाय पायजे की, सिद्धलिंगप्पा आला म्हणून."

असे काम संगप्पाकडे कधी आले नव्हते. लोकांना भोक बुजवून हवे असे. आवाज घडवून मागणारा हा पहिलाच. तीन दिवस तो त्या गाडीखाली जणू राहायलाच गेला. भंगार बाजारातून त्याने गिरणीच्या वाफेची एक जुनी नळी आणली, मूळ नळीपेक्षा अंगठाभर रुंद. कारण जळका वायू जितका मोकळा बाहेर पडेल तितका इंजिनाचा जीव हलका होतो, हे त्याला ठाऊक होते. आतल्या नळीला त्याने भोके पाडली, पण एकदम नाही. दहा पाडायची, ऐकायचे, पुन्हा सहा पाडायची, पुन्हा ऐकायचे. त्या नळीभोवती बॉयलरला वापरतात तो न जळणारा जाड दोर गुंडाळून वर पत्र्याचे कवच चढवले, आणि शेवटाजवळ पत्र्याच्या चकतीची एकच आडवी पत्री ठेवली, मधोमध भोक असलेली, म्हणजे आवाज बाहेर पडताना गोल होऊन पडावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटचा सांधा जोडला. सिद्धलिंगप्पांनी गाडी सुरू केली आणि संगप्पाचा हात हवेतच थांबला. आवाज खोल होता, घुमारदार होता, आणि त्याने मनाशी धरला होता त्याहून कितीतरी मऊ होता. एखाद्या रिकाम्या देवळात कोणी दूरवर तळवा ठेवून डग्गा घुमवावा, तसा. त्या मऊपणाचा अर्थ त्याला लागला नाही. पण सुखाचा अर्थ कोण विचारतो?

"आरं, ही तर नवी नवरी झाली की!" सिद्धलिंगप्पा ओरडले. "काशम्मा, ऐकलंस का?"

तिन्ही दिवस त्यांच्याबरोबर येणारी त्यांची बायको काशम्मा आधीच पुढच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. "ऐकलं. आता चला. कापूस भरायचा हाय."

"पहिल्या दिवशी बाराच पोती भरा, अण्णा," संगप्पा म्हणाला. पण तो आवाज ऐकण्यात इतका गुंगला होता की आपले बोलणे त्यांच्यापर्यंत पोचले की नाही, हे त्याने पाहिलेच नाही.

तासाभराने तो हात पुसायला वाकला. दुकानाच्या कोपऱ्यात टाकाऊ सुताची गुंतवळ पडलेली असे. मागच्या खोलीत कांड्या भरणारी रंभाबाई रोज टोपलीभर आणून टाकी. सोलापुरातल्या कारागिराला हे सूत म्हणजे माठातले पाणी. किती घेतले, कुठे ठेवले, याची मोजदाद कोणी करत नाही. संगप्पाने मूठभर सूत उचलले, आणि ती मूठ उघडेना.

सकाळी पुढची नळी कापताना लोखंडाचा कीस इंजिनात जाऊ नये म्हणून त्याने नळीच्या तोंडात सुताचा बोळा कोंबला होता. तेलाने भिजलेला. तो त्याने काढला नव्हता.

त्याचे उस्ताद हिंदुराव असा बोळा घालताना सुताचे हातभर शेपूट बाहेर सोडत, म्हणजे काम संपल्यावर ते डोळ्यांत भरावे. शेपूट त्यानेही सोडले होते. सांधा बसवताना रुंद नळी त्यावरून अलगद सरकली होती आणि त्याचे लक्ष कानात होते.

आता त्याला त्या मऊपणाचा अर्थ लागला. इंजिनाच्या पहिल्याच फुंकरीने बोळा पुढे जाऊन आडव्या पत्रीला अडकला असणार. गाडी गुदमरत होती आणि तो त्या गुदमरण्याला गोडवा समजून ऐकत बसला होता. गाडी बंद पडली तर एक वेळ चालेल. पण तेलकट सूत त्या उष्णतेत धुमसणार, आणि सायलेन्सरचे तोंड हौद्याच्या खाली उघडत होते. हौद्यात पिंजलेला कापूस होता. पुढे काशम्मा होती.

"मावशी, दुकान बघा," एवढेच तो रंभाबाईला म्हणाला आणि सायकलवर बसला.

कापूसवाल्याच्या वखारीवर कळले की गाडी निघून पाऊण तास झाला. अक्कलकोट रस्त्याच्या जकात नाक्यावर त्याला थांबून मोठ्याने विचारावे लागले. एरवी तो एखाद्याला वेळ विचारायच्या आधी तीन माणसे पुढे जाऊ देई. आज त्याने खिडकीत डोके घातले.

"दुधनीची पिकअप? कापसाची?"

"गेली की," कारकून म्हणाला. "आवाज लई झ्याक हो तिचा. कुणी केला?"

संगप्पा रस्त्याकडे वळला. सायकलने ती गाडी गाठणे शक्य नव्हते. त्याने रस्त्यावर उभे राहून हात पसरले, दोन्ही. आयुष्यात त्याने एस.टी.लाही असा हात केला नव्हता. एक रिकामी लॉरी करकचून थांबली आणि ड्रायव्हरने डोके बाहेर काढले.

"मरने कू मेरीच गाडी मिली क्या रे? क्या होना? गूँगा है क्या, बोल ना!"

"पुढे... कापसाची गाडी... आग," संगप्पा म्हणाला.

ड्रायव्हरने दार उघडले. सायकल मागे फेकली गेली, संगप्पा पुढे चढला. सारा रस्ता तो डाव्या बाजूच्या रानाकडे पाहत राहिला. ज्वारी हुरड्याला आली होती, तिच्यावरून वारा चालत होता, आणि त्या सुंदर हिरव्या शांततेत कुठे धुराचा ठिपका दिसतो का, हे शोधण्यासाठी त्याचे डोळे फाटले होते. आपण बोललो असतो तर, असे त्याच्या मनात येत होते. सकाळी नुसते मोठ्याने म्हटले असते, 'थांबा, एकदा उघडून बघतो', तर. पण आवाज ऐकताना त्याला कोणाचेही बोलणे नको होते, स्वतःचेही.

कुंभारीच्या अलीकडे, लिंबाच्या झाडाखाली, गाडी उभी होती. बॉनेट उघडे होते आणि सिद्धलिंगप्पा त्यात डोके घालून कन्नडात इंजिनाला शिव्या देत होते. काशम्मा पाण्याचा डबा घेऊन शेजारी उभी होती. पोती हौद्याबाहेर लोंबत होती; आणि त्यांच्या बरोबर खाली, सायलेन्सरच्या तोंडातून, धुराचा एक बारीक दोरा वर चढत होता. पुढे उभ्या असलेल्या दोघांना तो दिसत नव्हता.

"पोती उतरवा!" संगप्पा ओरडला. "अण्णा, मागची पोती! लांब टाका!"

सिद्धलिंगप्पांनी चमकून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी सापडल्याचा भाव होता. "उतरवतो, उतरवतो! तू बारा म्हणाला हुतास, मी अठरा घातली. मोह झाला रं!" असे म्हणत ते पोते पाठीवर घेऊन लिंबापलीकडे पळाले.

संगप्पा गाडीखाली शिरला. काशम्माने पुढे केलेल्या पाण्यात त्याने गोणपाटाचा तुकडा भिजवून हाताला गुंडाळला आणि गाडीतल्याच पान्याने पट्टीचे दोन नट सोडले. सायलेन्सर खाली कलंडला. तारेचा आकडा आत सारून त्याने ओढला. बोळा आला, कोळशासारखा काळा. वारा लागताच त्याच्या पोटात लाल डोळा उघडला. त्याने तो मातीत दाबला, वर माती ओढली, आणि तो पुरता विझेपर्यंत तळवा उचलला नाही. मग तो तसाच, गाडीखाली, पाठ टेकून पडून राहिला. वरून एकही ठिणगी पडत नव्हती. धुराचा दोरा तुटला होता. एवढ्या तासाभरात त्याने पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

लॉरीवाला सायकल उतरवून निघून गेला होता आणि बाहेर नवराबायकोचे जुंपले होते.

"मी सांगत हुते, कायतरी जळतंय. तर म्हणं तुज्या डब्यातल्या भाकरीचा वास!"

"आता गप की. माजाच गाढवपणा. जादा भरली, गाडीचा जीव घेतला. त्या पोरानं तीन दिस राबून केली आन् मी एका सकाळीत वाट लावली."

"त्याची माफी मागा."

संगप्पा ऐकत होता. काळा बोळा मातीखाली होता. कोणी पाहिला नव्हता. तो नुसता बाहेर येऊन 'पट्टी ढिली झाली होती, आवळली' म्हणाला असता, तरी चालले असते. किंबहुना काहीच न म्हणता चालले असते, आणि न बोलणे हे त्याचे जन्माचे कसब होते. गिऱ्हाईक आपण होऊन दोष डोक्यावर घेऊन उभे होते. पण सिद्धलिंगप्पांचा आवाज त्याच्या कानाला लागला. एवढा धिप्पाड माणूस बायकोपुढे खाली मान घालून बोलतो तेव्हा आवाजाची जी अवस्था होते, ती त्याला सहन झाली नाही.

त्याने माती बाजूला केली, बोळा उचलला आणि बाहेर येऊन तो त्यांच्यासमोर धरला.

"अण्णा, पोत्यांनी काही झालं नाही. हा मी आत विसरलो होतो. सकाळी गाडीचा आवाज गोड लागला ना, तो ह्याच्यामुळे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुमचा कापूस जळला असता. तुम्ही दोघं..." त्याने बोळा आणखी पुढे केला. "चूक माझी आहे."

एक बैलगाडी शेजारून निघून गेली. सिद्धलिंगप्पांनी बोळा हातात घेतला, हुंगला, बायकोपुढे धरला.

"ही घे तुजी भाकरी," ते म्हणाले.

काशम्मा तोंडाला पदर लावून हसू लागली. मग सिद्धलिंगप्पा हसू लागले, आणि हसता हसता मटकन पोत्यावर बसले. "शिवा शिवा! आरं, मला वाटलं इंजिन बसलं. पयल्यापासनं वढत नव्हती. म्हटलं, असल वझ्यानं. आता हिला इकायचं, आन् पुन्यांदा बैलगाडी घ्यायची, असं काशम्माला सांगत हुतो. आन् तू सायकल घेऊन हितवर आलास? हे सांगाय?"

"लॉरीनं आलो."

"तू? लॉरी थांबवलीस?" काशम्माने विचारले. "तीन दिसांत माज्याशी एक शब्द बोलला न्हाईस की रं तू, तम्मा!" कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसे.

संगप्पाला हसू आले. छातीवरची अठरा पोती कोणीतरी उतरवून घ्यावीत तसे त्याला वाटत होते, आणि रडूही त्याच वाटेने येऊ पाहत होते. म्हणून तो घाईने वाकला आणि सायलेन्सर पुन्हा बसवू लागला. नळीत त्याने तीनदा हात घालून पाहिला. चौथ्यांदा सिद्धलिंगप्पांनी घातला.

गाडी सुरू झाली. आवाज आता मऊ नव्हता; त्यात थोडी खरखर होती, थोडा उद्धटपणा होता, मोकळ्या छातीने बोलणाऱ्या शेतकऱ्यासारखा. संगप्पाने दांडके कानाला लावले नाही. लावायची गरज नव्हती.

त्यांनी मिळून पोती पुन्हा भरली. बारा हौद्यात गेली आणि उरलेली सहा कुंभारीत सिद्धलिंगप्पांच्या सोयऱ्याकडे ठेवायचे ठरले. संगप्पा निरोप घ्यायला वळला, तर त्याची सायकल आधीच हौद्यावर बांधली गेली होती.

"चल, चढ वर," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

"कुठं?"

"दुधनीला. कापसावर बस. आता आग लागली तर पयला तू!"

"दुकान..."

"दुकान काय पळून चाललंय व्हय? संध्याकाळच्या एस.टी.नं जाशील. आन् वर बसून ऐकत ऱ्हा. काय वायलं-येगळं वाटलं तर वरड."

तो चढला. पिंजलेल्या कापसाच्या पोत्यावर बसणे म्हणजे बसणे नव्हेच. माणूस आपोआप आडवा होतो. माघाचे ऊन अंगावर होते, वर काहीच नव्हते, आणि खालून तो खरखरीत, भरघोस, त्याचा स्वतःचा आवाज हाडांपर्यंत चढत होता. काशम्माने मागच्या खिडकीतून हात बाहेर काढून भाकरी आणि शेंगांची चटणी दिली. सकाळपासून पोटात काही नाही, हे त्याला तेव्हा कळले.

वळसंगच्या पुढे ओढ्याचा चढ लागला. गाडीने नाक वर केले, आवाज खाली उतरला, घट्ट झाला, आणि कुठेही न अडखळता ती चढू लागली.

"कसं हाय रं?" पुढून सिद्धलिंगप्पांची हाक आली.

संगप्पा उठून गुडघ्यांवर बसला आणि वाऱ्यात तोंड करून, रानातल्या पाखरांनी उडून जावे इतक्या मोठ्याने ओरडला, "बरोबर हाय, अण्णा! दाबा!"