आपल्या नादात

"सात समुद्र पालथे घातले, अन् हातावर टेकवली काय, तर खोबऱ्याची गोळी," कडूबाई पुटपुटली.

पुटपुटली म्हणजे शेजारणीच्या कानात बोलली. पण कडूबाईचं पुटपुटणं बांधापलीकडं जातं, आणि साळूबाई तर तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती.

"तीबी दाताला चिकटती," शेजारीण म्हणाली.

साळूबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एरवी तिनं धाकट्या जावेला तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं. आज तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, आणि तोंडालाही जणू तेच घातलेलं होतं.

तिच्या मुलाचं, आदिनाथचं, सुप्याच्या रस्त्यावर सिमेंट-सळईचं दुकान. माल चांगला उठला म्हणून कंपनीनं दुकानदारांना घरच्यांसकट बोटीवर फिरायला नेलं होतं. सिंगापूरला विमानातून उतरायचं, बोटीत बसायचं, मधे फुकेतला थांबायचं. साळूबाईनं शेंगदाण्याच्या चटणीचे दोन डबे नेले आणि बोटीवरच्या सगळ्या पारनेरकरांना पुरवून उरवले. आता घरी परतल्यावर आळीतल्या बायका बघायला आल्या होत्या. बोटीला नाही, हत्तीच्या निकालाला. कारण जाताना साळूबाईच दारोदार सांगून गेली होती, "बोटीचं मला काय कौतुक न्हाई. मी हत्तीसाठी चाललेय."

नातू समर्थ पाच वर्षांचा व्हायला आला होता आणि अजून त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. साळूबाईला त्याची काळजी होती, पण धास्ती नव्हती. आदिनाथही असाच उशिरा बोलला होता. तेव्हा गोसावी हत्ती घेऊन गावात आले होते. तिनं पोराला हत्तीच्या पोटाखालून तीनदा काढलं, आणि दिवाळीच्या आत आदिनाथ म्हणाला, "आये, भूक." पुढं तो इतका बोलला, की दुकानात गिऱ्हाईक सिमेंट घेऊनच सुटतं. आता गावात हत्ती येत नाहीत. म्हणून हत्तीकडं जायचं, एवढा साधा हिशेब.

नगरच्या डॉक्टरांचा हिशेब वेगळा होता. दोन वर्षांपूर्वी ते म्हणाले होते, पुण्याला नेऊन कान तपासा, जितका उशीर कराल तितकं अवघड होईल. साळूबाई घरी आल्यावर म्हणाली, "कानाला काय धाड भरलीय? घरघंटी चालू केली की पळत येतो पोरगं." ते खरंच होतं. दळण लावलं की समर्थ अनवाणी फरशीवरून धावत यायचा, घरघंटीला पोट लावून उभा राहायचा, डोळे मिटायचा. मागून हाक मारली तर मात्र बघायचा नाही. त्यावर घरात एक वाक्य तयार होतं. आधी साळूबाईनं म्हटलं, मग आदिनाथनं, मग सगळ्या आळीनं. "आपल्या नादात असतो."

सून रुपाली तेवढी ते वाक्य म्हणत नसे. पण तिच्या हातून ताटं फार पडायची. पोरगं दिवाणावर पाय वर घेऊन बसलेलं असलं, की त्याच्या पाठीमागं नेमकं ताट निसटायचं. साळूबाई आतून ओरडायची, "हाताला भोकं पडली का गं तुज्या?" रुपाली ताट उचलायची, पोराच्या मानेकडं बघायची आणि कामाला लागायची. ही ताटं का पडतात ते साळूबाईला पहिल्या दोन-तीन वेळांतच कळलं होतं. कळलं, तसं तिनं ते पदराच्या गाठीत बांधून टाकलं होतं.

फुकेतला बसनं डोंगरात नेलं. तिथल्या पोरीनं इंग्रजीत सांगितलं आणि आदिनाथनं मराठीत. ही हत्तीण म्हातारी आहे. आधी जंगलात लाकडाचे ओंडके ओढायची, मग पाठीवर माणसं वाहायची. आता काम नाही. हिला हात लावायचा नाही, वर बसायचं नाही, कठड्याबाहेरून बघायचं.

"म्हंजी हत्तींचं पांजरपोळ," साळूबाई म्हणाली.

"तसंच समज."

हत्तिणीची पाठ मधोमध खचली होती. पायाला जुन्या साखळीचा वळ होता. एका डोळ्यावर पांढरा पडदा आलेला. "हिचीबी कंबर गेलेली," साळूबाई म्हणाली, आणि तिला वाटलं, हीच आपलं ऐकेल.

बाकीचे हत्तीचं पिल्लू बघायला पुढं गेले. रुपाली चार पावलं मागं होती. साळूबाईनं समर्थचं मनगट धरलं, वाकली आणि बांबूच्या कठड्याखालून आत शिरली. आपण हत्तिणीच्या पांढऱ्या डोळ्याच्या बाजूनं आलोय, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. "बाई, लेकराला वाचा दे," एवढं म्हणून ती पोटाच्या सावलीत गेली. तिचा खांदा हत्तिणीला लागला.

हत्तीण बिचकून वळली आणि ओरडली.

तसा आवाज साळूबाईनं जन्मात ऐकला नव्हता. झाडावरची पाखरं उडाली. कठड्यापलीकडं बायका किंचाळल्या. माहुताच्या हातातली बादली पडली, आणि तो तसाच धावत येऊन मधे घुसला. हत्तिणीच्या खांद्यानं तो कठड्यावर दाबला गेला. तरी तिच्या कानाशी तो काहीतरी बोलत राहिला, ती थांबेपर्यंत, आणि मग बरगड्या धरून मटकन खाली बसला. साळूबाई चिखलात पडली होती. हाताचं हाड मोडल्याचं तिला कळलं, पण ते नंतर बघू असं वाटलं. ती नातवाकडं बघत होती.

समर्थ हत्तिणीकडं पाठ करून उभा होता. त्याच्या बुटाला लागलेला चिखल तो बोटानं काढत होता. दचकला नव्हता. पापणीसुद्धा हलली नव्हती. पुढं हत्तिणीनं एक पाय आपटला, जमीन हादरली, तेव्हा कुठं तो वळला. आणि तिला बघून हसला.

साळूबाईनं मान वर केली. कठड्यापलीकडं रुपाली उभी होती. दोघींनी एकच गोष्ट पाहिली होती.

माहुताला गाडीत घालून नेलं. त्याचं पुढं काय झालं, ते कुणी सांगितलं नाही आणि आदिनाथनं विचारलंही नाही. बोटीवर परतल्यावर तो म्हणाला, "आई, घरी सांगताना बोटीच्या जिन्यावर घसरलीस असं सांग." मग बायकोला विचारलं, "पोरगं घाबरलं न्हाई ना?"

"न्हाई," रुपाली म्हणाली.

"आपल्या नादात असतो," आदिनाथ म्हणाला.

"काय गं आक्का, बोल की!" इकडं घरात कडूबाईनं साळूबाईला ढोसलं. "काढलं का हत्तीखालून?"

"तिथं हात लावू देत न्हाईत, काकी," दारातून आदिनाथनं परस्पर उत्तर दिलं. "त्यात आई जिन्यावर घसरली."

"आता गं बया! मंग येवढ्या लांब जाऊन केलं काय? समर्थ! ए समर्थ! आज्जी म्हन, आज्जी!"

समर्थ दिवाणावर बायकांकडं पाठ करून बसला होता. पाय वर घेतलेले, मांडीवर बोटीचं खेळणं. त्यानं बघितलं नाही.

"बापाचं पोरगं हाय. बोलंल एकदम," शेजारीण म्हणाली, आणि बायका हसल्या.

रुपाली चहा घेऊन आली होती. ट्रे धरून ती तशीच उभी राहिली. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं साळूबाईला बघवेना.

ती उठली. डाव्या हातानं तिनं खोबऱ्याच्या गोळ्यांचं स्टीलचं ताट उचललं आणि दिवाणामागं जाऊन उभी राहिली.

"आत्या, काय पाहिजे? मी देते," रुपाली म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. तिनं ट्रे खाली ठेवला.

साळूबाईनं ताट डोक्याच्या वर नेलं आणि सोडून दिलं.

घर दणाणलं. गोळ्या चारी कोपऱ्यांत उडाल्या. कडूबाई "आगं आई!" करून भिंतीला टेकली. दावणीची म्हैस बाहेर ओरडली. ताट फरशीवर गरगरत राहिलं, गरगरत राहिलं, आणि निपचित पडलं.

समर्थ बोटीचा भोंगा बोटानं फिरवत होता.

"हाताला भोकं पडली का गं तुज्या?" कडूबाई छातीवर हात ठेवून म्हणाली. कुणी हसलं नाही. एकेक बाई पोराच्या मानेकडं बघायला लागली.

"तो... आपल्या ना–" आदिनाथनं सुरुवात केली, सवयीनं.

"नाद कसला, आदिनाथ?" साळूबाई म्हणाली. "ऐकू येत न्हाई त्याला."