एका लिटरची इभ्रत

गोडादऱ्यातला योगराज ठाकोरभाई शेठची पांढरी गाडी चालवायचा आणि तिची अशी बडदास्त ठेवायचा, की त्याची बायको धनश्री तिला उघड उघड सवत म्हणायची. चौऱ्याण्णवच्या मार्चात ही सवत बिघडली. उभ्या जागी इंजिन चालू ठेवलं की अंगात आल्यासारखी थडथडायची. किती? धनश्रीने एकदा दह्याचं गाडगं बॉनेटवर टेकवलं, शेजारणीशी दोन शब्द बोलून परतली, तर वर लोणी! खोटं वाटत असेल तर ते ताक प्यालेली चार माणसं गल्लीत अजून हयात आहेत.

लोण्याचं ठीक, पण पेट्रोल? लिटरला बारा किलोमीटर जाणारी गाडी सहावर आली. दोन गॅरेजवाल्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर खोलून धुतला. तिथे उघडी असताना गाडी शहाण्यासारखी चालायची. सगळं बसवून घरी आणली की पुन्हा थडथड, मागून काळा धूर.

शेवटी ठाकोरभाईंनी आपल्या साड्यांच्या मागाच्या कारखान्यात, साऱ्या कारागिरांदेखत विचारलं, "योगराज, पेट्रोल गाडी पीए छे के तू?"

पंधरा वर्षांच्या नोकरीत असा शब्द नव्हता आला. योगराजचे कान तापले. "शेठ, उद्या दुपारी एक लिटर मोजून घाला. बारा किलोमीटर नाही गेली, तर किल्ली तुमची आणि मी चोर!"

बोलून बसला खरा, पण आता काय? गाडी घेऊन तो पळाला थेट गल्लीतल्या हिलालमामांकडे. मामांनी चाळीस वर्षं माग दुरुस्त केलेले. त्या खडखडाटात कान गेले, म्हणून ते यंत्राचा रोग दातांनी ओळखत. मागाचा लाकडी धोटा एका टोकाने यंत्राला लावायचा, दुसरं टोक दातांत धरायचं. म्हणे, एकदा त्यांनी घरबसल्या बारडोलीकडच्या रसवंतीचा ढिला बोल्ट सांगितला होता. तेव्हा त्यांच्या दातांत धोटा नव्हता, ऊस होता.

मामांनी इंजिनाला धोटा लावला, डोळे मिटले. जबडा थरथरला, मिशा नाचल्या.

"प्लग चांगला शेतस," ते म्हणाले. "भाचा, हाई गाडी गुदमरी ऱ्हायनी. नाक दाखव तिन्हं."

नाक म्हणजे एअर फिल्टर. योगराजने गोल डबा उघडला आणि मामा खेकसले, "हाई गोधडी कोनी घाली रे?"

फिल्टरला साडीचं कापड गुंडाळलेलं आणि त्यावर मागांवरून उडणाऱ्या तंतूंचा बोटभर जाड थर! हवा आत जाईना, म्हणून इंजिन नुसतं पेट्रोल ढोसत होतं.

योगराजने स्वतःकडे बोट दाखवलं. कापड त्यानेच बांधलं होतं. कारखान्यात कारागीर नाकाला फडकं बांधतात, मग आपल्या गाडीने काय पाप केलंय? आणि गॅरेजात डब्याला परक्याचा हात नको, म्हणून तो स्वतः काढून मांडीवर घेऊन बसायचा, स्वतःच परत बसवायचा!

"गॅरेजवालावर ढकली दे," मामा म्हणाले.

योगराजने कापड सोडून खिशात कोंबलं.

दुसऱ्या दिवशी बारडोली रस्त्यावर टाकीची नळी सोडून पेट्रोलच्या बाटलीला जोडली. बाटली पुढे मामांच्या मांडीवर. त्यांची विडी शेठने आधीच काढून घेतली. शेठ मागे बसून किलोमीटरचे दगड मोजत होते. सहा गेले. नऊ गेले. अकराव्याला बाटलीत घोटभर उरलं आणि मोजता मोजता शेठच पुढच्या सीटवर ओणवे झाले.

"चलाव! बार! बार थया! अरे, बाटली वाकडी धरा, मामा!"

मामांना ऐकू काय येणार? पण बाटली त्यांनी आपसूकच कलती केली. तेराव्या दगडाला डोळा घालून गाडी आचका देत थांबली. शेठ उडी मारून खाली उतरले. "तेर! योगराज, तेर!"

योगराजही उतरला. जिंकला होता, गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण त्याने खिशातून कापड काढलं.

"शेठ, चोरी केली नाही. पण पेट्रोल माझ्यापायीच गेलं. हे मीच बांधलं होतं."

शेठने कापड चिमटीत धरलं, उन्हात पाहिलं. "आ तो आपणो माल छे! तें गाडीने साडी पहेरावी?"

"धूळ लागू नये म्हणून..."

शेठ आधी खोकले, मग हसले, मग बॉनेटला धरून हसले. हसू ओसरल्यावर मात्र आवाज खाली आणून म्हणाले, "काल सगळ्यांसमोर बोललो. उद्या सगळ्यांसमोर परत घेईन."

"मग साडीचंही सांगावं लागेल, शेठ."

"ए तो पहेलां कहीश!" शेठ म्हणाले आणि मामांना मागे पाठवून स्वतः योगराजशेजारी बसले.