उलटी रॅक

ही गोष्ट लिहून ठेवायची नाही, असं वेदांतने जवळजवळ ठरवलंच होतं. एक तर तिच्यात त्याचाच पोपट होतो. शिवाय शैलेंद्र म्हणाला होता, "लिहिलंस तर माझं नाव बदल." नाव बदललेलं नाही.

शैलेंद्र त्याचा नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचा रूममेट. मेकॅनिकल इंजिनिअर, गाड्यांचं वेड. त्याने कुठूनतरी 'सेव्हन' नावाची एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार मिळवली होती. दोन सीट, दार नाही, छप्पर नाही, अंगावर जेमतेम पत्रा. गावाबाहेर हेंक नावाच्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये त्याने ती सुटी केली. रंगवायची होती, स्टिअरिंगही उजवीकडून डावीकडे न्यायचं होतं. मग मार्च २०२० मध्ये तो आईला भेटायला पुण्याला गेला आणि विमानंच बंद झाली. उन्हाळ्यात नोकरी गेली. पाठोपाठ त्याला कोरोना झाला.

ऑगस्टमध्ये हेंकने वेदांतला गाठलं. लांबूनच, दीड मीटर राखून. सप्टेंबरअखेर शेड पाडणार म्हणाला. गाडी स्वतःच्या चाकांवर निघाली तर समोर भावाच्या कोठारात जागा आहे. सुटे भाग मात्र भंगारात.

"जाऊ दे भंगारात," शैलेंद्र फोनवर म्हणाला. दोन वाक्यं बोलला की त्याला धाप लागायची. एवढंच. एरवी गाडीवर बोलताना हा माणूस तासभर थांबायचा नाही. वेदांतला ते सहन झालं नाही.

"मी जोडतो."

"तू? सायकलची चेन पडली की दुकानात नेतोस तू."

"सॉफ्टवेअर टेस्टिंग पण यूट्यूबवरच शिकलो ना? खातोय ना पगार? तू सांग, मी करतो."

"अरे, मी पण फक्त खोललीय. जोडली नाही कधी."

"मग खोलली कशी ते सांग. मी उलटं करतो."

शैलेंद्र हसला. हसता हसता खोकला. "या गाडीचा इतिहासच तो आहे, माहितीये? सत्तावन्न सालची गाडी. इंग्लंडात तयार गाडीवर टॅक्स, सुट्या भागांवर नाही. म्हणून कंपनी भाग विकायची. पण सोबत जोडायची माहिती दिली तर टॅक्स लागणार. मग म्हणे त्यांनी खोलायची माहिती दिली! गिऱ्हाइकाने शेवटून वाचायची."

"पुण्याचे होते काय रे?"

तेव्हापासून लॅपटॉप मिटला की वेदांत सायकल काढायचा आणि थेट शेड. फोन रंगाच्या डब्यावर उभा. शैलेंद्र खोलल्याचं सांगायचा, वेदांत शेवटून करत यायचा. बोटं सोलली, नखं काळी झाली. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. पण चाकं धरणारे आर्म लागले, चाकं लागली. स्टिअरिंगची रॅक राहिली. चाकांना वळवणारी ती आडवी दांडी.

"क्लॅम्प काढले... रॅक खाली घेतली," शैलेंद्र धापत म्हणाला. "आता उलटं."

"काय, रॅक?"

"हो रे, रॅक. उलटी."

वेदांतने रॅक उलटी केली. वरची बाजू खाली, उजवं टोक डावीकडे. आणि काय आश्चर्य, स्टिअरिंगचा दांडा बरोबर डावीकडे आला! जमलंच की. त्याने नट आवळले.

शेड पाडायच्या आदल्या शनिवारी हेंक आणि त्याचा भाऊ मास्क लावून मागून ढकलायला आले. वेदांत आत बसला. फाटक डावीकडे. त्याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, गाडी उजवीकडे वळली आणि सरळ हेंकच्या बायकोच्या टोमॅटोत घुसली.

"आंदरसोम!" हेंक ओरडला. म्हणजे उलटं.

"रॅक कशी लावलीस?" फोनमधून शैलेंद्र.

"तू म्हणालास तशी. उलटी."

"अरे बैला! क्रम उलटा! रॅक नाही!"

"मग क्रम म्हणायचं ना!"

"धाप लागते मला! शब्द वाचवतो मी!"

वेदांतने विचारलं, "पण दांडा तर डावीकडे आला?"

"ती जुनी, उजव्या स्टिअरिंगची आहे. उलटली की दांडा डावीकडे, पण चाकं उलटी वळणार. डावीकडची निळ्या खोक्यात."

गाडी परत शेडमध्ये. रविवारी उजाडताच वेदांतने पाना उचलला. खोलायचं तर आता शैलेंद्र सांगेल तसं, सरळच करायचं होतं, त्यामुळे भराभर झालं. मग निळ्या खोक्यातली रॅक. ती लावताना मात्र प्रत्येक नटाला त्याने विचारलं, "क्रम की वस्तू?" शैलेंद्र प्रत्येक वेळी शिवी द्यायचा. धाप लागली तरी द्यायचा.

दुपारी स्टिअरिंग डावीकडे फिरलं आणि गाडीही डावीकडे वळली. फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून कोठारात. हेंकने लांबूनच हवेत टाळी दिली.

शैलेंद्रने फोनवर गाडी चारी बाजूंनी दाखवायला लावली. "वेद्या, विकून टाक आता. मी परत येईन की नाही, कोणाला माहीत."

"ऐक," वेदांत म्हणाला. "मी हिच्यात पेट्रोल टाकणार नाही. टोमॅटोपर्यंत गेलो तेवढं बास. तू कधीही ये, पुढच्या वर्षी ये, त्याच्या पुढच्या वर्षी ये. पहिली किल्ली तूच फिरवायची. तोवर ही विकणार नाही आणि कोणाला हात लावू देणार नाही. शब्द देतो."